कारण न लिहिलेली चिठ्ठी

कर्वेनगर, पुणे
१३ जुलै १९९८

प्रिय डॉक्टर कादर यांस,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी माझा रक्तदाब मोजून झाल्यावर तुम्ही जी चिठ्ठी माझ्या हाती ठेवलीत, तिच्याविषयी लिहितो आहे. प्रत्यक्ष बोलता आले असते. परंतु तुमच्या कोथरूडच्या दवाखान्यात माझ्याशी बोलायचे म्हणजे तुम्हाला ओरडावे लागते, आणि बाकावरचे सर्व रुग्ण पंच होऊन बसतात. टेलिफोनवर तर मला समोरच्याचा केवळ श्वास ऐकू येतो. तेव्हा कागद बरा.

चिठ्ठीत आपण, माझी पत्नी सौ. विमला हिची मॅमोग्राफी, म्हणजे छातीची यंत्राने तपासणी, 'आठवड्याच्या आत' करून घ्यावी असे लिहिले आहे. कर्वे रस्त्यावरील एका नव्या तपासणी केंद्राचे नावही दिले आहे. मी विमलेला विचारले, "तुला काही होते आहे का?" ती म्हणाली, "मला काय धाड भरली आहे?" आणि कुकरची शिट्टी काढायला निघून गेली.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. अनुमानाची पाच अंगे मुलांकडून घोकून घेतली. तुमच्या चिठ्ठीत प्रतिज्ञा आहे, निष्कर्ष आहे. हेतू तेवढा नाही. डोंगरावर अग्नी आहे असे तुम्ही सांगता, पण धूर दाखवत नाही. तेवढा दाखवावा, म्हणजे उद्याच रिक्षा करतो.

अख्तरबानूंना नमस्कार. त्यांच्या बुधवारच्या शिवणवर्गामुळे आमच्या घरातील एकही उशी अभ्र्यावाचून राहिलेली नाही.

आपला,
रावसाहेब

*

कोथरूड, पुणे
१६ जुलै १९९८

प्रिय रावसाहेब,
आदाब आणि नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा हसलो. तरीही विनंती तीच आहे: वहिनींना घेऊन जा.

हेतू विचारलात, तर वय. वहिनींना साठावे लागले. या वयात ही तपासणी एकदा तरी झालेली असावी. पूर्वी मी हे कुणाला सांगत नव्हतो, कारण सांगून उपयोग नव्हता. यंत्र मुंबईत, आणि तिथेही रांग. आता पुण्यात गल्लोगल्ली केंद्रे झाली आहेत. त्यांतली अर्धी रोज पोट भरायला माणसे शोधतात, हे मलाही दिसते. पण रावसाहेब, यंत्राचा मालक लोभी असला म्हणून यंत्राला दिसायचे थांबत नाही.

आणखी काही विचारू नका. सत्तावीस वर्षे मी तुमच्या घरात नाडी धरतो आहे. नम्रताचा गोवर मी काढला, तुमच्या मातोश्रींचे डोळे मी मिटले. एवढ्या वर्षांत एकदाच म्हणतो आहे, की मी सांगतो म्हणून करा.

तुमचा,
कादर

*

कर्वेनगर, पुणे
२० जुलै १९९८

डॉ. कादर यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. 'वय' हा हेतू अतिव्याप्तीच्या दोषाने दूषित आहे. साठी गाठलेल्या स्त्रिया आपल्या दवाखान्यात रोज येतात. माझ्या शेजारच्या मुक्ताई बासष्ट वर्षांच्या आहेत आणि आपल्याच रुग्ण आहेत. मी त्यांना विचारले. त्यांना अशी चिठ्ठी मिळालेली नाही. जो हेतू मुक्ताईंना लागू असून लावला जात नाही, तो हेतू नव्हे, सबब आहे.

'मी सांगतो म्हणून करा' हे आप्तवचन, म्हणजे विश्वासाच्या माणसाचा शब्द, झाले. आप्तवचन मी प्रमाण मानतो, परंतु सांगणारा निःस्वार्थ असावा ही त्याची पूर्वअट आहे. त्या अटीविषयी लिहिणे मला प्रिय नाही. तरी लिहितो.

ही केंद्रे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना पाकिटे पोहोचवतात, हे आता पुण्यातील पानवाल्यासही ठाऊक आहे. आपण एकाच केंद्राचे नाव लिहिले. आठवड्याची मुदत घातली. मुदत सहसा सेलच्या जाहिरातीत असते. आणि आपल्या खुर्चीमागे भिंतीवर जे नवे घड्याळ लागले आहे, त्याच्या तबकडीवर त्याच केंद्राचे नाव आहे. माझे कान गेले आहेत, डोळे शाबूत आहेत.

आपण कारण देत नाही, म्हणून उरलेले कारण मला गृहीत धरावे लागते. तपासणी होणार नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी यापुढे कोपऱ्यावरील औषधाच्या दुकानातून आणीन.

रावसाहेब

*

कर्वेनगर
२२ जुलै १९९८

कादरभाई यांना,
विमलाचा नमस्कार.

हे पत्र अख्तरभाभींच्या हाती शिवणवर्गात देते आहे. ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं. स्वतःच्या हुशारीवर खूश होते. मी कणीक मळत ऐकत राहिले. त्या वेळी मेले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही मला तपासून सांगितलंत, "वहिनी, ही गाठ साधी वाटत नाही." आणि मी तुम्हाला माझ्या नम्रताची शपथ घातली, की ह्यांना नि तिला कळता कामा नये. तुम्ही शपथ पाळलीत, आणि त्याचं हे बक्षीस मिळालं. पण मला अजून सोडवता येत नाही हो. नम्रताच्या कंपनीनं तिला अमेरिकेला पाठवायचं ठरवलंय. ते दोन हजार सालाचं कॉम्प्युटरचं काम आहे म्हणे. नोव्हेंबरात जाणार. आमच्या घराण्यात विमानात बसणारी पहिली मुलगी. मला हे निघालं असं कळलं तर ती पाय घराबाहेर टाकणार नाही. तिचा स्वभाव बापाचा, एकदा नाही म्हटलं की नाही. पुढं जन्मभर मी तिच्या तोंडाकडे कशी बघू?

आणि ह्यांना सांगितलं तर हे लपवू शकणार नाहीत. ह्यांना खोटं बोलता येत नाही. लग्नात उखाणा घेतानासुद्धा म्हणाले होते, "यात तथ्य नाही."

एकटीनं जाऊन तपासून येईन म्हटलं, पण केंद्रवाले घरचं माणूस बरोबर आणा म्हणतात. चार महिने फक्त. विमान उडालं की त्याच दिवशी सांगते. एवढं माझ्यासाठी ऐका.

विमला

*

२४ जुलै १९९८

विमलावहिनींना,

चार महिने फार होतात. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितले, आता लिहून सांगतो. अख्तर तुमच्याबरोबर घरचे माणूस म्हणून यायला तयार आहे. उद्या चला.

रावसाहेबांनी माझ्याविषयी काय लिहिले याचा विचार करू नका. माझे काय ते मी बघीन. घड्याळ मी ठेवून घेतले ही खरी गोष्ट आहे. जुने बंद पडले होते आणि मला मोह झाला. माणसाने एवढाही मोह ठेवू नये, हे आता कळते.

शपथ मोडली तर तुम्ही मला परत कधी हात लावू देणार नाही, आणि मग कुणालाच दाखवणार नाही. या भीतीने गप्प बसलो आहे. हे बरोबर करतो आहे की नाही, मला माहीत नाही.

कादर

*

कर्वेनगर, पुणे
११ फेब्रुवारी १९९९

डॉ. कादर यांस,
स. न. वि. वि.

सात महिन्यांनंतर लिहितो आहे, ते कामापुरते. विमलेच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. रोग काखेत आणि पुढे यकृतापर्यंत पोहोचला आहे. नम्रता १५ नोव्हेंबरला अमेरिकेस गेली. विमलेने मला ३ डिसेंबरला सांगितले. गाठ तिला त्याच आठवड्यात जाणवली, असे ती म्हणते. नम्रतास आम्ही 'लहानसे ऑपरेशन' एवढेच कळवले आहे.

आम्ही नव्या मोठ्या रुग्णालयात आहोत. दारात गणवेशातील माणूस सलाम करतो. आत संगमरवर, कारंजे आणि फुलांचे दुकान आहे. विमला म्हणाली, "अहो, लग्नाला आलो की काय आपण? आहेर काय आणलात?" खिडकीवरील मुलगी गोड हसून विचारते, "सर, कोणतं पॅकेज?" आठ दिवसांत सहा डॉक्टर येऊन गेले, सर्व विद्वान, सर्व सभ्य. त्यांपैकी एकानेही विमलेचे नाव कागदाकडे न पाहता घेतले नाही. तक्रार करत नाही. ही यंत्रे आणि ही औषधे पाच वर्षांपूर्वी या शहरात नव्हती, हेही मला ठाऊक आहे.

त्यांना तिचे मागील सर्व कागद हवे आहेत. ते आपल्याकडे आहेत. कृपया पोस्टाने पाठवावेत.

आपली जुलैची चिठ्ठी खरी ठरली, असे आपल्या मनात येईल. म्हणून स्पष्ट करतो. कावळा बसावा आणि त्याच क्षणी ताडाचे फळ पडावे, याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळ्याने फळ पाडले असे कोणी म्हणत नाही. लक्षण नसताना, ज्ञान नसताना, दुसऱ्याच हेतूने केलेली सूचना योगायोगाने वस्तुस्थितीस जुळली. तिला मी निदान म्हणणार नाही.

रावसाहेब

*

कोथरूड, पुणे
१३ फेब्रुवारी १९९९

रावसाहेब यांस,

कागद सोबत आहेत. १९७१ पासूनचे आहेत, काही ठिकाणी शाई फिकी झाली आहे. पेनिसिलिन वहिनींना चालत नाही, हे लाल रेघेने दाखवले आहे. तिथल्या सिस्टरांना तोंडीही सांगा. सुई टोचताना वहिनी हसतात. घाबरल्या की हसतात. ते कागदावर नाही, म्हणून कळवतो.

कादर

*

कर्वेनगर
९ सप्टेंबर १९९९

कादरभाई,

हात थरथरतो, अक्षर लागलं नाही तर अख्तरभाभींकडून वाचून घ्या. त्या रोज येतात, माझे केस विंचरतात. केस कुठले, पण विंचरतात.

हे माझ्यासाठी सगळं करतात. गोळ्यांच्या वेळा फळ्यावर लिहिल्यात, खडूनं. पेज करायला शिकलेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "पेज म्हणजे चुकलेला भात, एवढाच सिद्धांत दिसतो." मी पोट धरून हसले, टाके दुखेपर्यंत.

आता शेवटचं मागणं. मी गेल्यावर हे कधीतरी तुम्हाला विचारतील. मला ओळखून आहेत, आज ना उद्या हिशेब जुळवतीलच. त्यांना खरं सांगू नका. तुम्ही खरं सांगितलं होतंत आणि ह्यांनी ऐकलं नाही, हे एकदा कळलं की हा माणूस स्वतःला सोडणार नाही. दुसऱ्याला एक वेळ माफ करतील. स्वतःला नाही.

म्हणजे तुमच्या नावाला लागलेला डाग तसाच राहू द्या, असं मी म्हणतेय. कळतंय मला. अख्तरभाभी माझ्यावर रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फणी घेऊन आल्या. तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाही. म्हणून मागवतं.

नम्रताला दिवाळीला बोलावून घ्या असं ह्यांना सांगितलंय. तिला बघून घेईन.

विमला

*

कर्वेनगर, पुणे
१७ जानेवारी २०००

डॉ. कादर यांस,

विमला १९ नोव्हेंबरला गेली, ते आपणास ठाऊक आहे. वैकुंठ स्मशानभूमीत आपण मागे, लिंबाच्या झाडापाशी उभे होतात. मी पाहिले, आणि पुढे आलो नाही.

नम्रता परत गेल्यावर मी कपाट आवरण्यास घेतले. विमलेची शिवणवर्गाची मापवही सापडली. तीत तिने स्वतःच्या ब्लाउजांची मापे तारखेसह लिहून ठेवली आहेत. एक नोंद अशी: '२० जून ९८. डाव्या काखेतली शिवण बोचते. अर्धा इंच सैल केली.' पुढे ८ जुलैला: 'पुन्हा सैल.' आपली चिठ्ठी ११ जुलैची आहे. तिने मला सांगितले ते ३ डिसेंबरला.

ती वही आता माझ्यासमोर आहे आणि मी गेले नऊ दिवस दुसरे काही वाचलेले नाही.

मला आपणास एकच प्रश्न विचारायचा आहे. चिठ्ठी लिहिताना आपणाजवळ कारण होते काय? होय किंवा नाही, एवढे उत्तर पुरे.

रावसाहेब

*

कोथरूड, पुणे
२५ जानेवारी २०००

प्रिय रावसाहेब,

नाही.

तुम्ही तेव्हा ओळखले तेच खरे होते. केंद्राचा माणूस दवाखान्यात येत असे. पाकीट देत असे. मी घेत असे. नेहमी नाही, पण घेत असे. त्या महिन्यात माझ्याकडून पेशंट कमी गेले होते, म्हणून त्याने आठवण करून दिली होती, आणि तुमच्या घरचे कुणी अजून गेलेले नाही असे मनात आले. वहिनींनी मला काहीही सांगितले नव्हते. मी त्यांना तपासलेही नव्हते. तुमचा संशय योग्य होता आणि तुम्ही जे केलेत ते कुणीही शहाण्या माणसाने केले असते.

मला त्याची लाज वाटते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जेवण वेळेवर घ्या. रक्तदाबाची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही.

मार्चअखेर मी दवाखाना बंद करतो आहे. वरच्या मजल्यासह जागा एका पॉलिक्लिनिकने घेतली. मला तिथे खुर्ची देऊ केली आहे, पण दर तासाला किती पेशंट पाहायचे ते ते ठरवणार. मी नको म्हटले.

कादर

*

कर्वेनगर, पुणे
४ मार्च २०००

प्रिय कादर,

तुमचे उत्तर मी सुमारे महिनाभर जवळ बाळगले. ते स्वीकारण्याची मला फार इच्छा होती. स्वीकारले असते तर मी निर्दोष ठरत होतो. ज्या निष्कर्षाने आपणच सुटतो, तो दोनदा तपासावा, असे मी मुलांना शिकवत असे. म्हणून गेल्या सोमवारी त्या केंद्रात गेलो.

खिडकीवरील मुलीला मी विचारले, "कोथरूडचे डॉक्टर कादर येथे रुग्ण पाठवतात का?" ती काहीतरी बोलली. मला ऐकू आले नाही. तिने पुन्हा सांगितले. शेवटी ती ओरडली, "अहो आजोबा, ते काही घेत नाहीत! पाकीट परत पाठवतात! वर लिहितात, तेवढे पैसे पेशंटला कमी करा!" बाकांवरील पंचवीस-तीस माणसे माझ्याकडे वळून पाहू लागली. मी तिला विचारले, "कधीपासून?" ती म्हणाली, "मी लागल्यापासून, तीन वर्षं. आमचे साहेब चिडतात त्यांच्यावर!" मग हळू आवाजात काही बोलली. ओठांवरून वाटले की, 'तुम्हाला बसायला देऊ का?' असे ती विचारत होती. मी बसलो.

तेव्हा आता मांडतो. तुमची कबुली असत्य आहे. मनुष्य स्वतःच्या अब्रूविरुद्ध असत्य बोलतो, तो कोणाला तरी वाचवण्यासाठी. तुमच्या कबुलीने वाचतो तो मी एकटाच. म्हणजे सत्य मला मारक आहे. मापवहीशी ते जोडले की दुसरे काही उरत नाही: तिला ठाऊक होते, तिने तुम्हाला सांगितले, तुम्हाला बोलण्याची बंदी केली, आणि तुम्ही बंदीच्या आत राहून जेवढे ओरडता येते तेवढे ओरडलात. मला ऐकू आले नाही. तिने माझ्यापासून का लपवले, हेही तारखा सांगतात. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत ती कशासाठी थांबली, हे कळायला तर्कशास्त्र लागत नाही.

जुलैत रिक्षा केली असती तर ती आज असती का? याचे उत्तर मिळण्याचा मार्ग नाही. मी रुग्णालयातील त्या सभ्य डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "सर, असं सांगता येत नाही." खरे आहे. सांगता येत नाही. एवढ्यावर मला उरलेली वर्षे काढायची आहेत.

या शहरात पाकिटे वाटली जात होती, म्हणून मी तुमच्यावर संशय घेतला. ज्यांनी वाटली त्यांचा यात वाटा आहे. तो मी त्यांना देतो. परंतु त्या बाजारात सत्तावीस वर्षे ओळखीचा असलेला एक माणूस उभा होता, आणि त्याला मी बाजाराच्या भावाने मोजले. तो वाटा माझा. तुमची क्षमा मागत नाही. तुम्ही ती लगेच कराल, म्हणून मागत नाही.

आता जे मागायचे आहे ते.

नम्रताचे पत्र आले आहे. आईचे आजारपण इतक्या उशिरा का कळले, असे ती विचारते. तारखा तिच्याजवळही आहेत, आणि ती माझी मुलगी आहे. आज ना उद्या नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपाशी येऊन थांबेल. आई आपल्या विमानासाठी गप्प राहिली, हे तिला एकदा दिसले की तिची सुटका नाही. विमलेने जे चार महिने विकत घेतले, ते फुकट जातील.

म्हणून मी काल तिला उत्तर पाठवले. लिहिले की, तुझ्या आईने गाठ जुलैतच मला दाखवली होती. डॉक्टर कादरांनी तपासणी तातडीने करण्यास सांगितले होते. मी ती नाकारली, आणि तुला कळवू नये असेही मीच तिला बजावले. यातील मधले विधान सत्य आहे. नाकारली हे सत्य आहे. उरलेले मी रचले. अडुसष्ट वर्षांत कागदावर लिहिलेले हे माझे पहिले असत्य, आणि ते लिहिताना हात कापला नाही, याचे मला नवल वाटले.

ती २० तारखेला येते आहे, असे तिच्या पत्रातच आहे; माझे उत्तर तिला त्याआधी मिळेल. माझ्यावर रागावून येईल आणि आधी तुमच्याकडे जाईल, विचारायला. तुम्हाला खोटे बोलता येत नाही. जानेवारीचे पत्र फारच वाईट जमले होते, एवढे तपशील कोणी देत नाही. तेव्हा अधिक बोलू नका. ती विचारील, "काका, बाबांना माहीत होतं का?" तुम्ही फक्त 'हो' म्हणा.

तुमचा,
रावसाहेब